काटा थांबेपर्यंत

११ जानेवारी

ताई,

नमस्कार आहेच, तो धरून चाल. दोन वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे त्याचं काहीतरी काम असणार, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. काम आहेच. पण आधी पाकीट नीट बघ. दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लावून त्यावर मी आडवी सही केली आहे. सही जुळत नसेल तर वाटेत कोणीतरी फोडलं असं समज आणि मला कळव. फोन केला असता, पण तू माझा उचलत नाहीस, आणि आपल्या घराच्या भिंतींना कान आहेत. त्यातले दोन तुझ्या वहिनीचे.

आपल्या पोरीबद्दल, वायसरबद्दल लिहायचंय. हो, अजून मी तिला त्याच नावाने हाक मारतो. लहानपणी कोणाचंही भांडण लागलं की नळातल्या वायसरसारखी दोघांच्या मध्ये जाऊन बसायची, म्हणून नाव पडलं. तुझ्या-माझ्या भांडणात तेवढी ती कमी पडली.

शाळेने पालकांना बोलावलं होतं. वर्कशॉपमध्ये पाइपकामाचा विषय घेतलेल्या मुलांना यंदापासून भौतिकशास्त्राचा श्रेयांक मिळणार. श्रेयांक हा मुख्याध्यापिकांचा शब्द, पोरं क्रेडिट म्हणतात. वायसरने पाइपकाम घेतलं तेव्हा भौतिकशास्त्र सुटलं, कारण दोन्हींचे तास एकाच वेळी. आता तिला तुझ्या कॉलेजात पाणीपुरवठ्याची इंजिनिअरिंग करायची आहे, आणि तिथे भौतिकशास्त्राशिवाय दार उघडत नाही. शाळा म्हणते, काळजी नको. मार्चमध्ये वर्कशॉपचे सर आणि विज्ञानाच्या बाई दोघं मिळून परीक्षा घेतील, त्यात पास झाली की पाइपकामच भौतिकशास्त्र म्हणून धरलं जाईल.

तुझ्या वहिनीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मला मात्र हे पटेना. आपल्या नळाच्या धंद्यात न मागता पाणी आलं की आधी छताकडे बघतात. मीही याच शाळेत शिकलो, हे तुला सांगायला नको. ‘याला गणित झेपत नाही’ म्हणून मला ज्या खोलीत टाकलं ती हीच खोली. तेव्हा ते नको असलेल्या पोरांचं गोदाम होतं. आता तेच पत्रे, तोच पाइप पकडायचा व्हाइस बसवलेला ओटा, आणि म्हणे विज्ञान. कुठेतरी पाणी मुरतंय, ताई. हे लोक पोरांच्या हातात कागद देतील आणि कॉलेजवाले तो कागद बघून हसतील.

म्हणून सरळ विचारतो. तुझं कॉलेज हे क्रेडिट मानतं की नाही? प्रवेशाच्या फायली तुझ्याच टेबलावरून जातात. हो किंवा नाही, एवढं लिही.

आणि दुसरं. ही कल्पना तुमच्याच ऑफिसातून तर निघाली नाही ना? विचारतो, कारण पोरीच्या हातात मी पाना दिला म्हणून तू माझ्या स्वयंपाकघरातून ताट अर्धं टाकून उठलीस. ‘आपल्या अण्णांचे हात या धंद्यात गेले, तुझे गेले, आता तिचेही घालव,’ असं म्हणालीस. मी म्हणालो, दार उघडं आहे. तू गेलीस. तेव्हा तू मदत करशील यावर माझा विश्वास नाही. मुद्दाम अडवशील यावरही पूर्ण बसत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसून हे पत्र लिहितोय.

तुझा भाऊ

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, पाणी तोडल्याची नोटीस. कॉलेजच्या छापील कागदावर तीन ओळी, त्याही टाइप केलेल्या. ‘अशा श्रेयांकाचा नियमानुसार विचार होतो. परीक्षा विज्ञान शिक्षकासह संयुक्तपणे झालेली असावी.’ खाली सही आणि सहीखाली हुद्दा. ‘ताई’ कुठेही नाही. मी कागद उजेडाला धरून पाहिला. ‘विचार होतो’ म्हणजे मान्य होतो की फक्त विचार करून फेकून देतात, हे मोठ्या हुशारीने सोडलंयस.

मग मी स्वतःच बघायला गेलो. शाळेच्या नळांचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे, तेव्हा मला आत जायला कोणी अडवत नाही. बेसिनचं निमित्त केलं आणि वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो.

तिथल्या सरांना पोरं ‘थांबा-सर’ म्हणतात. कोणी काही करायला गेलं की आधी ‘थांबा’. माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचा हात आधी बघावा म्हणून बघितला, तर तळव्याला घट्टे आहेत. म्हणजे अगदीच पुस्तकी नाही. पण पुढचं ऐक.

पोरांनी पाइपांच्या चौकटी जोडल्या होत्या. एका टोकाला दाब मोजायचा गेज, दुसरीकडून हातपंपाने हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गेजचा काटा बघायचा. आपण हे पाण्याने करतो, ते हवेने करतात. ठीक. एका पोराने हवा भरली, काटा वर चढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली यायला लागला. मी म्हणालो, ‘गळतोय.’

सर म्हणाले, ‘थांबा.’

‘थांबून काय होणार? काटा उतरला म्हणजे गळती. अडाण्यालाही कळतं.’

‘हवा दाबली की गरम होते. पाइपात निवली की दाब थोडा उतरतो. थोडा उतरून काटा थांबला, तर ती हवा. उतरतच राहिला, तर सांधा. कोणता उतार कशाचा, हे सांगता आलं पाहिजे. त्याचंच तर क्रेडिट.’

काटा पुढे थांबला, हे मी नाकारत नाही. पण मला त्या क्षणी सगळा डाव समजला. उद्या पोरांचे सांधे गळतील आणि हा बाबा म्हणेल, हवा निवली. बहाणा आधीच तयार. हवेला रंग नाही, रूप नाही, तिच्यावर काहीही खपवता येतं. सगळी पोरं पास, शाळेचं नाव मोठं, आणि माझी पोरगी तुमच्या खिडकीसमोर कागद घेऊन उभी.

विज्ञानाच्या बाईही तिथेच होत्या, हाताची घडी घालून. हसत नाहीत. त्या सरांना म्हणाल्या, ‘मलाही अजून खात्री नाही. परीक्षेला मी माझ्या पद्धतीने बघीन.’ आधी मला त्या बऱ्या वाटल्या. मग वाटलं, यांना आपला विषय वर्कशॉपवाल्यांना द्यायचाच नसेल. म्हणजे एक जण फुकट वाटायला बसलाय आणि दुसरी फुकट अडवायला.

रात्री जेवताना वायसरला विचारलं. तीही तेच म्हणाली, हवा निवते वगैरे. मी म्हणालो, ‘तुझ्या आजोबांनी हवा निवायची वाट पाहिली असती तर आपण सगळे उपाशी मेलो असतो.’ अण्णांची रीत तुला ठाऊकच आहे. काम पूर्ण झालं की आम्हा शिकणाऱ्यांना चहाला पिटाळायचे आणि मागे एक सांधा पाव आटा ढिला करून ठेवायचे. परत येऊन तो सापडला नाही तर दुसऱ्या दिवसापासून हातात पाना नाही, नुसतं फावडं. ती खरी परीक्षा. तिथे हवेबिवेचं पुराण चालत नव्हतं.

वायसर म्हणाली, ‘बाबा, परीक्षा आमची आहे. तुम्ही यात पडू नका.’

मी कशाला पडतो?

तुझा भाऊ

१५ मार्च

ताई,

काल परीक्षा झाली. वायसर नापास.

वर्गातली बाकी सगळी पास आणि ही एकटी नापास. जी पोरगी दहाव्या वर्षी माझ्याआधी गळका सांधा ओळखायची, ती. मी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. यात कोणाचा तरी हात आहे. मी तुला सगळं क्रमाने सांगतो, तूच ठरव.

सकाळी पोरांनी चौकटी जोडल्या. मग मधली सुट्टी. सुट्टीनंतर हवा भरून तपासणी. आता गंमत बघ. वायसर दोन वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर काम करते, सगळ्यांना माहीत आहे. काल सकाळी विज्ञानाच्या बाईंनी अचानक चिठ्ठ्या टाकल्या आणि टेबलं बदलली. का? कोणाला कुठे बसवायचं होतं? वायसरला दाराजवळचं टेबल आलं. हे मला नंतर फाटकाशी थांबा-सरांकडून कळलं, तेव्हा मला दरदरून घाम फुटला. ऊनही फार होतं.

सर म्हणाले, तिच्या चौकटीत हवा भरली, काटा उतरू लागला. बाईंनी विचारलं, का उतरतोय? ती म्हणाली, ‘आधीचा उतार हवा निवल्याचा. तो आतापर्यंत थांबायला हवा होता. थांबत नाही, म्हणजे सांधा गळतोय.’ मग साबणाचा फेस लावत गेली आणि टोकाच्या वळणावरच्या एल्बोला बुडबुडे आले. बाईंनी विचारलं, ‘हा ढिला कसा राहिला?’ ती म्हणे खाली वाकली, बराच वेळ त्या एल्बोकडे बघत राहिली, मग बाहीने फेस पुसायला लागली. बाईंनी हात धरून थांबवलं. तेव्हा म्हणाली, ‘माझ्याकडूनच आवळायचा राहिला.’

उत्तर बरोबर, पण काम चुकलं. दोन्हींत पास व्हायला लागतं, म्हणून क्रेडिट नाही. थांबा-सर मला म्हणाले, ‘त्या मुलीचा सांधा ढिला राहिलेला मी कधी पाहिला नाही. मला हे पटत नाही.’ माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्याकडे कशाला बघायचं?

माझं म्हणणं साफ आहे. सुट्टीत कोणीतरी तो एल्बो ढिला केला. बाईंचा संशय येतो. चिठ्ठ्यांचं नाटक त्यांनीच केलं, आणि पोरीचा हात धरला तोही त्यांनीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सुट्टीत वर्कशॉपला कुलूप नव्हतं. मीसुद्धा टाकीचा व्हॉल्व्ह बघायला त्या बाजूने गेलो होतो. आत गेलोही असेन क्षणभर. मी जाऊ शकतो, तर दुसरा कोणीही जाऊ शकतो, एवढंच मला म्हणायचंय.

तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाची मुदत एप्रिलअखेर आहे. तू कॉलेजच्या कागदावर शाळेला दोन ओळी लिही, की या परीक्षेत काळंबेरं दिसतं, पुन्हा घ्या. तुझ्या शब्दाला वजन आहे. भांडण माझ्याशी आहे ना? मग पोरीला कशाला त्याची झळ?

घरी वायसर जेवते, ताट धुते, झोपते. मी म्हणालो, ‘कोणी केलं ते सांग, मी बघून घेतो.’ ती म्हणाली, ‘बघून काय घेणार, बाबा?’

तुझा भाऊ

२८ मार्च

ताई,

टाइप केलेलं पत्र मिळालं. ‘नातेसंबंधामुळे सदर अर्जाची फाईल दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवली आहे. शाळेला शिफारस करता येणार नाही.’ वाचून मी तुझ्या वहिनीला म्हणालो, बघ, हात झटकले. रक्ताच्या नात्याचं पाणी व्हायला वेळ लागत नाही.

आणि खाली तू पेनने एक ओळ लिहिलीस. ‘अण्णा चहाला पिटाळायचे, ते आठवतं ना?’

याचा अर्थ काय? न आठवायला काय झालं, मीच तर तुला लिहिलं होतं. अण्णांचा इथे काय संबंध? इतक्या लांब बसून तू काय सुचवतेस? बाप मेल्यावर त्याला या भानगडीत ओढायचं कारण मला समजलं नाही. तीन दिवस मी त्या ओळीवर चिडून होतो. कागद फाडणार होतो, तुझ्या वहिनीने घेऊन डब्यात ठेवला. ती तुझ्या बाजूची झाली की काय, याचाही मला आता संशय येतो. ‘ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर द्या,’ म्हणते आणि बाहेर निघून जाते.

दुसरं एक सांगायचं होतं. सुट्टीच्या दिवशी वायसर माझ्याबरोबर कामाला येते, ते तुला आवडत नाही तरी सांगतो. परवा एका घरी न्हाणीघरात नवीन लाइन टाकली. मी पुढे सांधे आवळत गेलो. मागे वळून बघितलं तर ती आपला छोटा पाना घेऊन, मी आवळलेला प्रत्येक सांधा पुन्हा लावून बघत होती. सगळे. एकही सोडला नाही.

मी म्हणालो, ‘काय करतेस?’

‘तपासते.’

‘मी केलेलं काम?’

‘हो.’

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. घरमालकीण दारात उभी होती, ती हसून म्हणाली, ‘मुलगी पक्की तयार केलीत हो.’ वायसर हसली नाही. माझा मोठा पाना जमिनीवर पडला होता, तो तिने उचलून फडक्यात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. ज्याचा मधला दात तुटलाय तो. अण्णांचाच आहे. लोखंडावर त्याचा चावा वेगळा उमटतो, मध्ये एक फट राहते. पोरगी लहान होती तेव्हा पाइपावरची ती फट बघून म्हणायची, इथे बाबा येऊन गेले.

आज एवढंच.

भाऊ

३ एप्रिल

ताई,

तुला आधीच कळलं होतं. मी दुसऱ्या पत्रात अण्णांची रीत लिहिली आणि तिसऱ्यात सुट्टीची कहाणी, आणि तू टेबलाशी बसून दोन आणि दोन चार केलेस.

मीच केलं.

सुट्टीत आत गेलो. दाराजवळचं टेबल पटकन हाताशी आलं. वायसर खिडकीशी असते, हे पक्कं डोक्यात होतं, म्हणून मुद्दाम दाराजवळचं घेतलं. टोकाचा एल्बो पाव आटा फिरवला आणि बाहेर आलो. दुसऱ्या कोणाचं तरी पोर नापास झालं असतं, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मला एवढंच बघायचं होतं, की खरोखर गळणाऱ्या सांध्यालाही थांबा-सर ‘हवा निवली’ म्हणतात का. म्हणाले असते तर मी लगेच आत जाऊन सगळ्यांसमोर त्यांचा मुखवटा उतरवणार होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी माझ्या हाताने करून दाखवलं. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या असतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

काल मी विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. प्रयोगशाळेत वह्या तपासत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि आतून तो एल्बो काढून टेबलावर ठेवला. फडक्यावर जपून ठेवलेला. बाकीच्या खुणा वर्कशॉपच्या पान्यांच्या होत्या आणि त्यांच्या वर एकच ताजा चावा, मध्ये फट असलेला.

‘मुलगी ही खूण पुसायला लागली, म्हणून मला शंका आली,’ बाई म्हणाल्या. ‘स्वतःची चूक कोणी पुसत नाही. मी तिला दोनदा विचारलं. ती नाव सांगेना.’

मी पिशवीतून पाना काढला आणि खुणेवर लावला. बसला. 

‘का केलंत?’

‘तुम्ही लोक फुकट मार्क वाटता का, ते बघायचं होतं.’

‘मलाही तेच बघायचं होतं,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या. पण मी त्या सगळ्यांसमोर टाकल्या.’

ताई, मला आयुष्यात अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या. तूही काही कमी सुनावलं नाहीस. पण ही बाई आवाज न चढवता बोलली आणि मला खुर्ची शोधावी लागली. तूही फाईल दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलीस आणि तसं लिहून कळवलंस. मी त्याला हात झटकणं म्हणालो. शंका तुम्हा दोघींनाही होती. तुम्ही ती उजेडात ठेवलीत, मी खिशात घालून मागच्या दाराने आत गेलो. अण्णांची रीत म्हणून मी ती मिरवायचो. अण्णा निदान परत आल्यावर सांगायचे तरी, की एक ढिला आहे, शोधा.

मुख्याध्यापिकांनी शाळेचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आवारात पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं. बरोबरच आहे. परीक्षा पुन्हा घ्यायची की नाही, ते सर आणि बाई मिळून ठरवणार. मी तिथे काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

घरी आलो. वायसर ओट्याशी बसून पाइपाच्या आट्यांवरचा, गळती अडवायला गुंडाळलेला जुना धागा खरवडत होती. मी सांगितलं. तिने मान वर केली नाही.

‘माहीत होतं,’ म्हणाली.

‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही सांगाल असं वाटलं. त्याच संध्याकाळी. मग वाटलं, उद्या सांगतील. तुम्ही बाईंना शिव्या घालत होतात आणि मी काटा बघत बसले होते.’

तिच्या शेजारी बसलो आणि दुसरा पाइप घेऊन खरवडायला लागलो. ती माझ्या पाइपाकडे बघून म्हणाली, ‘नीट खरवडा. धागा राहतोय.’

तुझा भाऊ

२६ एप्रिल

ताई,

परवा परीक्षा पुन्हा झाली. मी फाटकाबाहेर होतो. आत जायची बंदी आहेच, पण बंदी नसती तरी बाहेरच थांबलो असतो. वायसर सकाळी निघताना म्हणाली होती, ‘तुम्ही या, पण बाहेर उभे राहा. आणि पाना घरी ठेवा.’ मी रिकाम्या हातांनी गेलो. इतक्या वर्षांत त्या फाटकाशी पान्याशिवाय पहिल्यांदाच उभा होतो. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

या वेळी बाईंनी स्वतः सुट्टीत वर्कशॉपला कुलूप लावलं आणि किल्ली सगळ्यांना दाखवून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. हे माझ्यामुळे. पुढच्या वर्षी हा नियमच होणार आहे म्हणे. शाळेत माझं नाव एवढंच राहील, एका कुलपापुरतं.

बाहेरून मला काही दिसत नव्हतं. पंपाचा आवाज तेवढा ऐकू आला. मग आवाज बंद झाला. मला माहीत होतं आत आता काय चाललं असेल. काटा थोडा उतरत असेल आणि ती काही न करता नुसती बघत असेल. मी असतो तर केव्हाच पाना उचलला असता. आयुष्यभर काटा जरा हलला की मी सांधा उघडत आलो, ताई. भिंती फोडल्या. त्यातले किती सांधे चांगले होते, कोण जाणे. तुझ्या बाबतीतही तेच झालं. तू रागात एक वाक्य बोललीस. मी थांबलो असतो तर कदाचित काटा पुढे उतरलाही नसता. मी तिथल्या तिथे दार दाखवलं.

तिचा काटा थांबला. ती पास झाली. दोन्हींत. थांबा-सर फाटकापर्यंत आले, एवढं सांगितलं आणि परत गेले. माझ्याशी हात मिळवला नाही. तेवढा संशय त्यांनी ठेवायलाच हवा. विज्ञानाच्या बाईंनी क्रेडिटच्या कागदावर स्वतः सही केली, असं वायसर म्हणाली. बाई तिला म्हणाल्या, ‘मी तुला भौतिकशास्त्र शिकवलं असतं तर आवडलं असतं. पण तुला ते येतं.’ घरी येईपर्यंत हे वाक्य वायसरने मला तीन वेळा सांगितलं.

तुमच्या कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलंय. छापील आहे, दुसऱ्या कोणाची तरी सही आहे. त्याच टपालात वेगळ्या पाकिटात वायसरसाठी तुझी चिठ्ठी होती, ‘मुलाखतीला मी नसेन. उतरायला माझ्याकडे ये.’ आधी मला वाटलंच, की पोरीला तिकडे बोलावून काय शिकवणार आहे ही? जित्याची खोड आहे, एकदम जायची नाही. मग चिठ्ठी वायसरच्या हातात दिली आणि म्हणालो, तुझं तू ठरव. तिने तेव्हाच पिशवी भरायला घेतली.

क्रेडिट तुमच्याकडे मान्य होईल की नाही, मी विचारत नाही. तुझ्या सहकाऱ्याला म्हणावं, कागदावर भरवसा नसेल तर एक चौकट, एक गेज आणि पंप पुढे ठेव. सगळ्यांसमोर. ती सांगेल कोणता उतार हवेचा आणि कोणता सांध्याचा. मी ते तिच्याकडून शिकतोय, अजून जमलेलं नाही.

काल तिच्या निघण्याआधीचं शेवटचं काम होतं, शेजारच्या घरातला एक नळ. मी सांधा आवळला आणि बाजूला झालो. ती आली, पाना लावला, जोर देऊन बघितला. अजून तपासते. तपासू दे. आता निदान माझ्या डोळ्यांसमोर तपासते, आणि झालं की मान हलवते.

हे पत्र तिच्याच हाती पाठवतोय. पाकीट उघडंच ठेवलंय, चिकटपट्टी नाही, सही नाही. गाडीत वाचावंसं वाटलं तर वाचू दे. आणि नाही वाचलं तर, ताई, तू तिला वाचून दाखव.

तुझा भाऊ